गंधाराखालची रेघ

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

आमच्या घरात कागदापुढं कुणी बोलत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढची हकिगत तुम्हांला अगदीच क्षुल्लक वाटेल. अण्णा चौथीपर्यंत शिकले. आई शाळेच्या दारापर्यंत गेली ती धाकट्या भावाला सोडायला. त्यामुळे घरात कागद आला, मग तो सातबारा असो, सोसायटीची नोटीस असो नाहीतर विजेचं बिल, की सगळे गप्प होतात आणि मला हाक मारतात. तिसरीत असल्यापासून घरातले कागद मी वाचते. एकदा एका कचेरीतल्या उताऱ्यावर अण्णांच्या नावातला एक काना राहिला आणि अण्णा भलतेच कुणीतरी झाले. तो काना परत मिळवायला दीड वर्ष लागलं. त्या दीड वर्षात अण्णांनी एकदाही आवाज चढवला नाही. "त्येंच्या कागदावर तसं आसंल तर तसं," एवढंच ते म्हणायचे आणि पुन्हा एस.टी.त बसायचे.

अशा घरातून मी गेल्या वर्षी या कॉलेजात आले आणि तिसरा विषय म्हणून संगीत घेतलं. त्यामागं कलेची ओढ वगैरे काही नव्हती. घरी पेटी होती. अण्णा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, मला लहानपणापासून भाता मारायची सवय, तेव्हा या विषयात मार्क सोपे पडतील असा सरळ हिशेब होता. वर्गात आम्ही सातजणी. बाकी सहाजणी लहानपणापासून क्लासला जाणाऱ्या. कुणाच्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या दोन परीक्षा झालेल्या, कुणाच्या तीन. मला 'परीक्षा' म्हणजे बोर्डाची एवढंच ठाऊक.

पहिल्या तासाला बाईंनी फळ्यावर सात अक्षरं लिहिली. मला हसूच आलं. ग गणपतीचा, म मक्याचा, प पतंगाचा, हे तर बालवाडीत झालेलं. संध्याकाळी घरी वहीत तेच गिरवत बसले होते, तर आई चुलीपुढून म्हणाली, "कालिजात जाऊन पुन्यांदा ग म प गिरवाय लागलीस व्हय?"

पण ही अक्षरं ती अक्षरं नव्हती. बाईंनी शिकवली ती भातखंड्यांची पद्धत. अक्षराच्या डोक्यावर टिंब दिलं की स्वर वरच्या सप्तकात, पायाशी टिंब दिलं की खालच्या. अक्षराखाली आडवी रेघ ओढली की तो कोमल. मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ दिली की तो तीव्र. स्वर लांबवायचा तर पुढं आडवी छोटी रेघ, शब्द लांबवायचा तर अवग्रह. दोन किंवा चार स्वर एकाच मात्रेत बसवायचे तर त्यांच्या खाली चंद्रकोर. सगळ्यांत वर स्वर, त्याखाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा: समेला फुली, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना आकडे. म्हणजे एका मात्रेच्या जागी तीन मजले. वाचताना डोळा आडवाही पळवायचा आणि उभाही. पहिले पंधरा दिवस मला एका वेळी एकच मजला दिसायचा. स्वर बघायला गेले की शब्द निसटायचा, शब्द धरला की सम निघून गेलेली असायची. हाताने टाळी देत वाचा म्हटलं की टाळी कुठं, मी कुठं. बाकीच्या हसायच्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण.

गोंधळात भर म्हणून विष्णु दिगंबर पलुस्करांची आणखी एक पद्धत आहे. तिच्यात डोक्यावरचं टिंब खालच्या सप्तकाचं, आणि वरच्या सप्तकाला उभी रेघ. म्हणजे एकाच्या कागदावर जे टिंब वर चढवतं, तेच दुसऱ्याच्या कागदावर खाली उतरवतं! दोघेही मराठी माणसं, दोघांचा काळही जवळपास एकच. पलुस्कर तर आमच्याच मुलखातले, कुरुंदवाडचे. गाणं शिकले ते मिरजेत. दोघांनी एकदा बसून टिंबाचं तेवढं ठरवून घेतलं असतं तर आमच्यासारख्यांचे हाल वाचले असते, असं मला परीक्षेच्या आदल्या रात्री फार वाटलं.

वाचता येऊ लागलं तेव्हा मात्र जे झालं ते सांगितलंच पाहिजे. एक दिवस लायब्ररीत क्रमिक पुस्तकाचं एक पान उघडून बसले होते. न ऐकलेली बंदिश. ओठांतल्या ओठांत स्वर म्हणत गेले, आणि चौथ्या-पाचव्या मात्रेला ते एकदम गाणं झालं. कुणी म्हणून दाखवलं नव्हतं, कुठून ऐकू आलं नव्हतं. कधी काळी कुण्या गायकानं भातखंड्यांपुढं म्हटलेलं ते माझ्या तोंडात आलं होतं. शेजारी अर्थशास्त्राची गाईडं वाचणारी मुलं होती, म्हणून मी उठून नाचले नाही इतकंच.

त्या दिवसापासून माझी मान ताठ झाली, आणि पुढचं सगळं त्या ताठ मानेमुळं घडलं.

ऑक्टोबरात भुईमूग काढायला आला आणि मी अकरा दिवस कॉलेज बुडवलं. त्या अकरा दिवसांत बाईंनी काफी शिकवला. परत आल्यावर मैत्रिणीची वही मागून एका बैठकीत सगळं उतरवून घेतलं. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, स्वरलिपीला कोरी वही घ्या. पण माझ्याकडं बारावीची अर्धी राहिलेली रेघी वही होती. निम्मी पानं कोरी असताना नवी वही विकत घेणं आमच्याकडं पाप समजतात. तर मी निळ्या शाईनं, निळ्या रेघांवर, अक्षरं नीट रेघेवर बसवून, सगळं सुवाच्य लिहिलं. तिच्या वहीत ज्या स्वरांखाली रेघ होती तिथं माझ्याही हातानं रेघ ओढली असणार. पण ती वहीच्या रेघेवरच पडली आणि तिच्यात मिसळून गेली.

वर्गात ऐकलेलं नव्हतंच. घरी येऊन पांढरी एकचा सा धरला आणि वही पुढं ठेवून पेटीवर वाजवायला लागले. सगळे स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर आले. काळ्या पट्टीला बोट लावायची गरजच पडली नाही. किती सोपा राग, म्हणून मी खूश. काफीत गंधार आणि निषाद कोमल असतात, हे आज झोपेत उठवून विचारलं तरी सांगेन. तेव्हा माझ्यापाशी फक्त ती वही होती.

त्यानंतरची एकादशी. देवळात भजन रंगात आलेलं. टाळकरी पंधराएक, मध्ये वीणेकरी, पखवाजाला शेजारच्या वाडीचा माणूस, आणि पेटीवर अण्णा. बायकांच्या बाजूला खांबापाशी मी. अण्णांनी एका अभंगाची चाल धरली. मंडळात त्या चालीला 'काफीतली' म्हणतात. का म्हणतात ते कुणी विचारत नाही. मी कान देऊन ऐकायला लागले, आणि मला अण्णांचा गंधार खाली वाटला. माझ्या वहीतला गंधार हा नव्हे. निषादही नव्हे.

अभंग संपला. गप्प बसायला काय झालं होतं? पण मी उठून पेटीपाशी गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, गंधार चुकतोय. काफीत शुद्ध लागतो. तुम्ही पांढरी दोनवर वाजवताय ना, मग पांढरी चार नको, काळी तीन घ्या."

अण्णा म्हणाले, "चाल अशीच हाय की गं. वाडवडलापास्नं."

मी म्हणाले, "कागदावर तसं नाहीये."

इथंच ते सगळं संपलं. अण्णा गप्प झाले. कचेरीत टेबलापुढं उभं राहिल्यावर त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला. तो चेहरा मी लहानपणापासून ओळखते आणि त्या चेहऱ्याची मला फार चीड आहे. तो माझ्या बोलण्यानं झाला हे तिथल्या तिथं मला कळलं, पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? अण्णांनी पुन्हा चाल धरली आणि मुकाट्यानं काळी तीनवर बोट ठेवलं. टाळकऱ्यांचे गळे सवयीनं आपल्या जागी गेले, पेटी भलत्याच जागी. असा काही खरखरीत आवाज झाला की वीणेकऱ्यानं वळून पाहिलं. दोन ओळींत अण्णांनी भाता मिटला आणि दुसरा अभंग घेतला. पुढं महिनाभर, दोन एकादश्या, त्यांनी ती चाल धरलीच नाही. कुणी सुचवली तरी "आज नको" म्हणायचे.

बाईंनी तोंडी परीक्षेला मला काफी म्हणायला सांगितला. मी म्हटला. बाई म्हणाल्या, "छान. आता काफी म्हण."

"हाच काफी आहे, बाई."

"हा बिलावल आहे. वही बघू."

बाईंनी वही पाहिली, चष्मा काढला, पुन्हा पाहिली, मग पान तिरपं करून उजेडाकडं धरलं. तेव्हा दोन ठिकाणी, वहीच्या निळ्या रेघेवर माझी निळी रेघ थोडी जाड दिसत होती. बाई हसल्या. इतर मुलीही हसल्या. मला हसू येईना. मला तिथं वर्ग दिसतच नव्हता. देऊळ दिसत होतं आणि काळी तीनवर ठेवलेलं अण्णांचं बोट दिसत होतं.

तास संपल्यावर बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला भातखंड्यांबद्दल सांगितलं. ते 1860 मध्ये मुंबईत जन्मले, पेशानं वकील, म्हणजे कागदाचेच माणूस. पण गावोगाव हिंडून ते गायकांपुढं विद्यार्थी होऊन बसले, ऐकलं, आणि मग ते कागदावर आणलं. बंदिशी आधी गळ्यांत होत्या, पुस्तकाचे सहा भाग नंतर झाले. "तू उलट्या बाजूनं गेलीस," बाई म्हणाल्या. "वडिलांचा गंधार खटकला तेव्हा वही तपासायची होतीस." एवढंच बोलून त्यांनी कपाटातून एक कोरी वही काढून दिली. पैसे घेतले नाहीत.

घरी सांगायला दोन दिवस लागले. शेवटी रात्री जेवणं झाल्यावर दोन्ही वह्या घेऊन अण्णांपुढं बसले. म्हटलं, "अण्णा, चूक माझी होती. तुमचा गंधार बरोबर होता. निषादपण. माझी रेघ दिसली नाही."

"कसली रेघ?"

कोऱ्या वहीत ग काढून दाखवला, मग त्याच्याखाली रेघ ओढली. अण्णांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. "एवढीशीच? उताऱ्यावरच्या कान्यापरीस बी बारीक हाय की," ते म्हणाले, आणि हसले. मग पेटी पुढं ओढून मला विचारलं, "तुझं ते दुसरं काय म्हणालीस, बिलावल, ते कुठनं वाजवलंस?"

"पांढरी एकवरनं."

"आन् म्या काफी कुठनं धरली व्हती?"

"पांढरी दोन."

"बरं, वाजीव की मग. काळीला बोट लावू नगं."

मी पांढरी दोनचा सा धरून नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर गेले. काफी. तोच, देवळातला. मग त्यांनी पांढरी तीन दाखवली. तिथून नुसत्या पांढऱ्यांवर वर गेले, तर भैरवी! मी हात मागे घेऊन पेटीकडं बघत बसले. पट्ट्या त्याच, बसायची जागा बदलली की राग बदलला. "तुम्हांला हे कुणी सांगितलं?" म्हटलं. "कुनी सांगाय कशाला पायजे? तीस वर्सं बोटं फिरवतुया," अण्णा म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, याला मूर्च्छना म्हणतात, भरताच्या नाट्यशास्त्रात याचा विचार आहे, आणि तुमच्या पाठ्यक्रमात हे पुढं येईल. अण्णांना नाव सांगितलं. त्यांना ते नाव भयंकर वाटलं. "आपल्याकडं कुनाला चक्कर आली की म्हनत्यात त्ये?"

पुढच्या एकादशीला मी पुन्हा खांबापाशी बसले. अण्णांनी ती चाल धरली. पांढरी चारवर बोट. संपल्यावर म्हाताऱ्या टाळकऱ्यानं मुद्दाम मला हाक मारून विचारलं, "ताई, आज कागदावर काय हाय?" सगळे हसले. मी उभी राहून म्हणाले, "कागदावर अण्णांचं बरोबर आहे. मीच रेघ खाल्ली होती." आवाज जेवढा मोठा काढायला हवा होता तेवढा निघाला नाही. बहुतेकांनी ऐकलं असेल.

या वर्षी त्या कोऱ्या वहीत मी अण्णांच्या चाली लिहायला घेतल्या आहेत. भाऊ म्हणतो, मोबाईलवर रेकॉर्ड कर की, लिहायची कटकट कशाला? रेकॉर्ड केलंच आहे. पण नुसतं ऐकून मला वाटत होतं की ही चाल मला येते. लिहायला बसले तेव्हा कळलं की येत नाही. वाचणं एक आणि लिहिणं दुसरं. वाचताना कागद तुम्हांला सांगतो, लिहिताना कागद तुम्हांला विचारत राहतो: हा स्वर कुठल्या मात्रेला? किती मात्रा? थेट की वरच्या स्वराला शिवून? पहिली चाल, जिला गळ्यात दोन मिनिटं पुरतात, ती लिहायला तीन एकादश्या लागल्या. भजनी ठेका आठ मात्रांचा. मी पहिला शब्द बिनधास्त फुलीखाली लिहिला, आणि दुसऱ्या ओळीपासून सगळं घसरलं. टाळ एका अक्षरावर पडत होता आणि माझ्या कागदावर वजन दुसऱ्यावर. वहीची दोन पानं फाडली. मग देवळात बसून स्वर ऐकणं सोडलं आणि नुसते टाळकऱ्यांचे हात पाहिले. तेव्हा दिसलं, चाल समेवर सुरू होतच नव्हती. ती खालीपासून, पाचव्या मात्रेपासून उठत होती आणि शब्दाचं दुसरं अक्षर समेवर येऊन बसत होतं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग? समेवर यायचं आसतं, समेवरनं निघायचं नसतं."

एका जागी अण्णांचा गंधार खरोखरच कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठंतरी हलतो. पेटीवर तो नाही. ते म्हणतात तेव्हा असतो. बाईंना विचारलं, हा कसा लिहू? त्यांनी कणस्वर लिहून पाहिला, मींडेची कमान काढून पाहिली, आणि दोन्ही खोडले. तिथं मी कोमल ग लिहून बाजूला 'अण्णांना विचारावे' असं लिहिलं आहे. परीक्षकांना हे चालणार नाही.

माझी नजर अजून कच्चीच आहे. अनोळखी पान समोर आलं की अजून आधी रेघा मोजते, मग तोंड उघडते. आणि स्वर या लेखात कुठंच छापून दाखवले नाहीत, ते मुद्दामच. अंक छापून येईपर्यंत अक्षराखालची रेघ टिकेल याची मला खात्री नाही, आणि एक काफी बिलावल झाला तेवढा पुरे.

गेल्या महिन्यात ती पहिली चाल पूर्ण झाली. वही बाईंना दिली. बाई आमच्या गावात कधी आलेल्या नाहीत, अण्णांना त्यांनी पाहिलेलं नाही. त्यांनी पेटी ओढली, वही उघडून ठेवली, एकदा नजर फिरवली आणि वाजवायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला. देवळातली चाल, अण्णांची चाल, शहरातल्या वर्गात, पंख्याखाली, भलत्याच माणसाच्या हातून येत होती, आणि मध्ये माझ्या हातच्या दोन पानांशिवाय काही नव्हतं. दुसऱ्या कडव्यापाशी बाई थांबल्या. "इथं या दोन मात्रा रिकाम्या कशाला ठेवल्यास? स्वर तोडून एकदम दोन मात्रा थांबा? असं सहसा करत नाहीत."

मी सांगितलं, अण्णा तिथं थांबतात. कायमच थांबतात. का ते मलाही माहीत नव्हतं. आपण जे ऐकलं ते लिहिलं, यापुढं मी गेले नव्हते.

"मग राहू दे," बाई म्हणाल्या आणि दोन मात्रा थांबून पुढं गेल्या.

घरी येऊन अण्णांना विचारलं. ते आधी खूप हसले. आमच्या जुन्या पेटीच्या भात्याला उंदरांनी भोक पाडलं होतं. आधीच्या ओळीत सूर लांब धरायचा असल्यामुळं तिथं येईपर्यंत हवा संपायची, म्हणून ते थांबून भाता भरून घ्यायचे. पेटी तीन वर्षांपूर्वी मिरजेला नेऊन दुरुस्त करून आणली. आता हवा पुरते. पण अण्णा तिथं अजून थांबतात, कारण त्या दोन मात्रांत टाळकऱ्यांनी आपलं काहीतरी बसवलं आहे आणि ते आता त्यांना सोडवत नाही. ते मी अजून लिहिलेलं नाही. टाळाचे बोल कसे लिहायचे ते बाईंनाही बघावं लागेल म्हणाल्या, आणि ज्याच्या हातात ते बसले आहेत तो म्हातारा एकादशीशिवाय सापडत नाही.